सात जणांची एकच आई

आमच्या मजल्यावर इंग्रजीचा एक क्लास होता. होता म्हणतो, कारण आता त्या खोलीत कुणीतरी जुन्या गाद्या ठेवतं. तो चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे 'कोणतंसर' म्हणायचे. मी तोंडावरही तेच म्हणायचो. या वयात माणसाने एवढी तरी चैन करावी.

नाव पडलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. इंग्रजीत नामाच्या आधी 'द' लावायचा की नाही, या प्रश्नावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. खुर्ची, टेबल, कुत्रा यांचं काही एवढं अवघड नसतं. पण धीर, भीती, प्रेम, दुःख असली जी हातात न येणारी भाववाचक नामं आहेत ना, तिथे भल्याभल्यांची दांडी उडते. आपल्या भाषेत ही भानगडच नाही. सर म्हणायचे, "धीर मोकळा हिंडत असेल तर हिंडू द्या, त्याच्या पुढे काही लावू नका. पण तोच धीर कुणाचा तरी झाला, कुठल्यातरी दिवसाचा झाला, की लावलाच द. म्हणून शब्द लिहिला की आधी स्वतःला विचारायचं, कोणता? उत्तर आलं तर द. नाही आलं तर गुपचूप पुढे."

हा 'कोणतं' त्यांच्या तोंडात इतका बसला होता की भाजीवाल्याने "आज स्वस्ताई आहे सर," म्हटलं तरी हे विचारायचे, "कोणत्या भाजीची?" एकदा त्यांची बायको म्हणाली, "मला कंटाळा आलाय." सर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "कोणता?" ती म्हणाली, "तुमचा. लावा आता तुमचा द." भिंती पातळ आहेत, मी काय करणार? ऐकू येतं.

पण मला सांगायचंय ते सरांबद्दल नाही, घडीवालीबद्दल.

घडीवाली म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणारी बाई. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मागच्या खोलीत एकटी राहायची. मला काका म्हणायची. तिचं काम मी एकदा पाहून आलोय. धुतलेल्या चादरी भल्यामोठ्या गरम रोलरमधून बाहेर येतात, वाफाळत. दोघी बायका दोन बाजूंना उभ्या. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन. ओढायची, टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा ओढायची, आणि चालत एकमेकींपाशी यायचं. चादर थंड व्हायच्या आत घडी झाली पाहिजे, नाहीतर सुरकुती तशीच राहते. दिवसभर हेच. त्या बायकांची बोटं बघा कधी, टोकाला गुळगुळीत झालेली असतात. बोलणं मात्र अखंड चालू. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कुठे जातो. मला ते ठिकाण फार आवडलं.

एक वयस्कर घडीवाली इंग्रजीच्या क्लासला कशाला येते, असा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. मी तो पहिल्याच दिवशी सोडवला. विचारलं तिला जिन्यात गाठून.

तिची एकुलती एक मुलगी परदेशात कामाला गेली होती. तिथेच लग्न केलं. नवरा बाळ बसायला लागायच्या आधीच निघून गेला. मुलीने एकटीने रेटलं. मग एका सकाळी कामावर जाताना बर्फावर गाडी घसरली आणि ती गेली. मागे राहिली छोटी नात. तिथल्या सरकारने तिला एका मूल नसलेल्या जोडप्याकडे ठेवलं.

"माणसं चांगली आहेत हो काका," घडीवाली म्हणाली. "हीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं."

सरकार म्हणालं, पहिला हक्क आजीचा. आजीने यावं, नातीला सांभाळावं. पण नातीला इंग्रजीखेरीज काही येत नाही, म्हणून आजीला इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी. तीही उन्हाळ्याच्या आत. उन्हाळ्यात कोर्टाची तारीख होती. त्या तारखेला आजीच्या हातात निकाल नसला, तर ती मुलगी कायमची त्या जोडप्याची. मग आजी म्हणजे फोटोतली एक बाई.

आधीच दोनदा नापास झाली होती. बोलण्यात कशीबशी निघायची, लिहिण्यात बुडायची. आता उन्हाळ्याच्या आधी एकच परीक्षा उरली होती.

"तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "मी तिची कोण, हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

दर रविवारी ती माझ्याकडे यायची. तिच्या खोलीत नेटवर्क पोचायचं नाही, म्हणून माझ्या खिडकीत फोन टेकवून नातीशी बोलायची. मी पेपर वाचायचो. निदान तोंडासमोर तरी धरायचो. सुरुवातीला दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या. हॅलो झालं, हाऊ आर यू झालं, संपलं. पोरगी कंटाळून तिथल्या मांजरामागे धावायची. मग एका रविवारी घडीवालीने खिशातला रुमाल काढला आणि फोनसमोर त्याची घडी घालून दाखवली. पोरगी धावत जाऊन आपला रुमाल घेऊन आली.

"कॉर्नर," आजी म्हणाली.

"कॉर्नर," नात.

"मॅच."

"मॅच."

"पुल. फोल्ड."

एवढ्या चार शब्दांवर त्या दोघींचं नातं उभं राहिलं. पुढच्या रविवारी टॉवेल झाला. मग उशीची खोळ. मग पोरीने पलंगावरची मोठी चादर ओढून आणली. घडीवाली हसली आणि म्हणाली, "नो, नो. टू पीपल." ही एकटीने होत नाही. पोरीने जरा विचार केला आणि म्हणाली, तू आलीस की आपण दोघी मिळून मोठी करू. एवढं इंग्रजी मलाही कळलं. घडीवाली फोन बंद झाल्यावरही बराच वेळ खिडकीशी उभी होती.

तर अशी ती क्लासला यायची. कामावरून सरळ, हाताला साबणाचा वास, आणि जिथेतिथे द. द फिअर, द सॉरो, द होप. सरांचा जीव मेटाकुटीला यायचा.

"अहो बाई, कोणतं दुःख?"

"माझंच की. दुसऱ्याचं कशाला लिहू?"

"पण वाचणाऱ्याला काय माहीत तुमचं कोणतं?"

"मग सांगायला हवं का त्याला?"

"सांगा. कुणाचं, कशाचं, ते लिहा. मगच द शोभतो. नाहीतर काढून टाका."

"काढून टाकलं तर कुणाचंच राहत नाही सर."

बाकीचे हसायचे. सात जण होते क्लासमध्ये तिला धरून. त्यांतला एक ड्रायव्हर, बडबड्या आणि स्वभावाने खरं तर भित्रा. एक ब्यूटी पार्लर चालवणारी बाई, सगळे तिला पार्लरवाली म्हणायचे. ड्रायव्हरला परदेशात जास्त पगाराची नोकरी हवी होती, पार्लरवालीला तिथे दुकान टाकायचं होतं. उरलेल्या चौघांचीही अशीच काहीतरी स्वप्नं होती. आज नाही तर पुढच्या खेपेला चालतील अशी.

मग एक दिवस, मी दारात उभा असताना, सरांनी 'पेशन्स' हा शब्द दिला. म्हणाले, धीर, सोशिकपणा, काहीही धरा, पण 'कोणता' याचं उत्तर वाक्यातच आलं पाहिजे. घडीवालीने पेन दाताखाली धरलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आणि वाचलं. इंग्रजीतच, पण अर्थ असा. माझ्या आईचा सोशिकपणा, जी लोकांच्या चादरी धूत राहिली आणि स्वतः चादरीवाचून झोपली.

तिची आईही चादरी धुवायची, हे मला तेव्हा कळलं. हातांनी, दगडावर.

क्लासमध्ये कुणी हसलं नाही. सर उठले, त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि द भोवती लाल खडूने गोल काढला. म्हणाले, "तेवीस वर्षं मी जे सांगतोय ते या बाईने एका ओळीत दाखवलं." ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी पुसलं नाही.

आता सरांची एक पद्धत होती. त्यांचं म्हणणं, नियम डोक्यात राहत नाही, जिभेवर राहतो. चांगलं वाक्य सापडलं की क्लास सुरू व्हायच्या आधी ते सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं. तेव्हापासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून सात गळ्यांतून घडीवालीची आई यायची. द पेशन्स ऑफ माय मदर. मला पाठ झालं. जिन्यातल्या मांजरालाही झालं असेल. घडीवालीही त्यांच्यात उभी राहून आपलंच वाक्य सगळ्यांबरोबर म्हणायची, जरा लाजत, पण मान ताठ.

परीक्षा झाली. निबंधाचा विषय आला पेशन्स.

सगळे नाचतच बाहेर आले. कुणी कुणाला काही विचारलं नाही, पण चेहरे सांगत होते. घडीवालीने जिन्यात मला हातच धरून थांबवलं.

"काका, माझी आई धावून आली बघा आज."

ती आई आणखी सहा जणांसाठीही धावली होती, हे आम्हाला निकालाच्या दिवशी कळलं. सातही जणांच्या फोनवर एकच मजकूर आला. निकाल रोखला आहे. एकाच क्लासच्या सात पेपरांत शब्दन् शब्द तेच वाक्य आहे. चौकशीला हजर राहावे.

संध्याकाळी सगळे क्लासमध्ये जमले. मीही गेलो. भिंतीला कान लावण्यापेक्षा ते बरं.

"योगायोग म्हणू या," पार्लरवाली म्हणाली.

"हो ना," ड्रायव्हर म्हणाला. "सात आया, सातही चादरी धुणाऱ्या, सातही चादरीवाचून झोपलेल्या. काय योगायोग. तुझी आई कधी रुमाल तरी धुते का गं? तिच्या घरी धुवायला बाई आहे."

"आणि तुझ्या आईने तुझा शर्ट तरी धुतलाय का कधी? तुझी बायकोच सांगते."

"अहो, आयांना सोडा," सर म्हणाले. "क्लासने उत्तर पाठ करून घेतलं असं ठरलं, तर या क्लासची मान्यता जाते. नियम आहे तसा."

आतल्या खोलीत सरांच्या बायकोच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

घडीवाली कोपऱ्यात बसली होती. ती उठली नाही, तिथूनच म्हणाली, "सर, वाक्य माझं आहे. एवढं कुणीतरी सांगायला हवं. माझ्याकडे दुसरी खेप नाही."

सर म्हणाले, "मी सांगतो."

"तुम्ही आलात तर आम्ही सगळे बुडालो, आणि तुम्हीही," पार्लरवाली म्हणाली. मग घडीवालीपाशी जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. "ताई, सर कशाला हवेत? आम्ही आहोत ना. आम्हीच सांगू, वाक्य ताईंचं, आम्हाला आवडलं म्हणून लक्षात राहिलं. आमचं काय व्हायचं ते होईल. आम्ही पुन्हा बसू हिवाळ्यात. तुम्हाला नातीकडे जायचंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं, त्या क्षणी सगळे खरंच बोलत होते.

चौकशीच्या दिवशी घडीवालीने मला सोबत नेलं. "काका, तुम्ही नुसते बाहेर बसा," म्हणाली. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकवलेले लोखंडी बाक, एक बंद दार. आत एक अधिकारी बाई, तरुण, सर्दी झालेली. दार उघडलं की शिंक ऐकू यायची. एकेकाला बोलावत होते. घडीवालीचा नंबर शेवटचा.

पहिला ड्रायव्हर गेला. बाहेर आला तो आमच्यासमोरून सरळ निघून गेला, जणू त्याची गाडी कुणी ओढून नेत होतं. मग एकेक जण. कुणी चप्पल बघत आला, कुणी फोन बघत. पार्लरवालीचं काजळ गालापर्यंत आलं होतं. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगतो. आईसाठी रडायचं म्हटलं की कुणालाही कारण सापडतं.

"काय गं, काय झालं आत?" मी विचारलं.

"काही नाही काका," म्हणाली, आणि घडीवालीकडे न बघता गेली.

आत काय झालं ते मला नंतर ड्रायव्हरच्या बायकोकडून कळलं. ती माझी फार जुनी बातमीदार. अधिकारी बाईने प्रत्येकाला एकच सांगितलं होतं. हे वाक्य मुळात ज्याचं असेल त्याचा निकाल आज लागेल, बाकीच्यांनी हिवाळ्यात पुन्हा बसावं. आता सांगा, कुणाचं आहे? आणि सहाही जण, एकामागून एक, म्हणाले होते, माझं. बाकीच्यांनी माझं उचललं. प्रत्येकाने आपल्या आईबद्दल भरभरून सांगितलं. ड्रायव्हरने तर दगडही सांगितला.

हे काही माहीत नसलेली घडीवाली उठली, केस नीट केले आणि आत गेली.

अधिकारी बाई म्हणाली, "तुमचीही आई चादरी धुवायची का?"

"हो."

"सकाळपासून तिची सहा मुलं मला भेटून गेली."

घडीवालीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती मला पुढे म्हणाली, "काका, पाय गार पडले. पोरीची बातमी आली होती तेव्हा पडले होते तसे." इंग्रजीतून सांगायचा प्रयत्न केला, तर येत होतं तेही येईना. जे सांगायचं ते सगळं आधीच कुणीतरी सांगून गेलं होतं. दगड, थंडी, आईच्या हातांच्या भेगा. तिचं खरं सातव्या खेपेला आलं होतं, आणि सातव्या खेपेला खरंही शिळं वाटतं.

"तुमचंच आहे असं सांगणारं कुणी आहे?" त्या बाईने विचारलं. आवाज वाईट नव्हता तिचा, दमलेला होता.

"आमचे सर."

"कचेरी बंद व्हायच्या आत आणा."

मी फोन लावला, सरांनी उचलला नाही. मग आम्ही रिक्षा केली. ती पूर्ण वेळ सीटच्या कडेला बसली होती, पुढचा दांडा धरून, जणू तिच्या ओढण्याने रिक्षा जास्त पळणार होती. मी एकदा म्हटलं, "येतील सर, काळजी करू नकोस." तिची बोटं त्या दांड्यावर घडी घातल्यासारखी हलत होती.

सरांच्या दारात त्यांची बायको उभी होती. सर मागे खुर्चीत. फोन टेबलावरच होता, वाजून वाजून गप्प झालेला. घडीवालीने काही विनवण्या केल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "सर, सहाही जण माझ्या आईची मुलं झाली."

सरांनी बायकोकडे बघितलं.

"बघता काय," ती म्हणाली. "फोन उचलला की जावं लागणार, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर उचलत नव्हतात. जा. पण परत आल्यावर मला काही विचारू नका."

सर घरच्या चपलांतच निघाले.

त्यांनी सगळं सांगितलं. वाक्य बाईंचं. फळ्यावर लिहिलं मी. रोज म्हणून घेतलं मी. दोष असेल तर माझा, बाकीच्यांचं काय करायचं ते करा, पण यांना यांचा निकाल द्या. त्या वेळी दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाकावरून उठून पाणी प्यायच्या निमित्ताने तिथेच उभा होतो, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाहीये.

अधिकारी बाईने नाक पुसलं. "मला पटलं," ती म्हणाली. "वाक्य यांचंच आहे."

घडीवालीने टेबलाची कड धरली.

"पण तुम्ही आता जे सांगितलंत, त्याने प्रकरण बदललं. एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असतं, तर मूळ लिहिणाऱ्याला मी सोडू शकले असते. क्लासने उत्तर पाठ करून घेतलं असेल, तर त्या क्लासचा एकही पेपर धरता येत नाही."

"पण यांनी पाठ केलेलं नाही, हे यांचं स्वतःचं आहे," सर म्हणाले.

"तुम्ही रोज म्हणून घेत होतात, तेव्हा याही म्हणत होत्या का?"

सरांनी घडीवालीकडे बघितलं.

उत्तर घडीवालीने दिलं. "रोज," ती म्हणाली.

खोटं बोलली असती तर? हा विचार मी तेव्हापासून पुष्कळदा केला. तिलाच एकदा विचारलं. म्हणाली, "सुचलंच नाही हो काका. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. परीक्षेत असल्यासारखं."

पुढची परीक्षा हिवाळ्यात होती. तारीख उन्हाळ्यात. अधिकारी बाईने मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं आणि ते तिच्या तोंडावर दिसतही होतं. पण त्याचा उपयोग काय? बाहेर आल्यावर सर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले.

"मला वाटलं होतं, मी खरं सांगितलं की..." एवढंच म्हणाले.

"उठा सर," घडीवाली म्हणाली. "चपला उलट्या घातल्यात तुम्ही. पडाल."

त्यानंतर सरांनी तिच्यासाठी अर्ज लिहायला घेतले. परीक्षा घेणाऱ्यांना, तिथल्या कोर्टाला, तिथल्या सरकारला. क्लास बंद झालाच होता, वेळच वेळ होता. मी वाचलेत ते अर्ज. त्यांत एकही द चुकला नव्हता. सगळ्यांची उत्तरं आली, सभ्य आणि छोटी. तारीख पुढे जाणार नाही.

घडीवाली कामावर जात राहिली. तिची जोडीदारीण मला म्हणाली, "काका, आजकाल ती बोलत नाही, नुसती ओढते. परवा एक चादर टर्रकन फाटली." एकदा पार्लरवाली लाँड्रीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"आई कशी आहे तुझी?" घडीवालीने विचारलं, हात न थांबवता.

"बरी आहे."

"सांग तिला, आता चादरी मी धुते. तिने निवांत झोपावं."

वाफेत पार्लरवालीचा चेहरा पुसट झाला म्हणे, आणि ती केव्हा गेली ते कुणी पाहिलं नाही. ती आणि ड्रायव्हर पुढे हिवाळ्यात दुसऱ्या क्लासमधून परीक्षेला बसले आणि पासही झाले. त्यांना मी नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवतो, पण मोठ्याने नाही.

कोर्टाची तारीख झाली त्यानंतरच्या रविवारी घडीवाली नेहमीसारखी माझ्याकडे आली. मला वाटलं होतं येणार नाही. मी पेपर तोंडासमोर धरला.

फोनवर पोरगी आली. दात पडला होता तिचा एक. मागे त्या जोडप्यातली ती दुसरी बाई बसली होती, जरा अवघडून, जणू तीच पाहुणी. पोरीने पहिल्याच फटक्याला विचारलं, तू आता येणार आहेस ना?

"नो," घडीवाली म्हणाली. "आय अ‍ॅम नॉट कमिंग."

शुद्ध इंग्रजी. सरांनी ऐकलं असतं तर खूश झाले असते.

पोरीने डोळे बारीक केले. मग दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा तिने मोठी चादर जमिनीवरून फरफटत आणली होती. दोन टोकं तिने हातात धरली आणि फोनसमोर उभी राहिली. मग दुसरी बाजू कोण धरणार, असं ती विचारत होती. रागाने नाही, खरंच विचारत होती.

घडीवालीने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वर केला. तेवढंच मला करता आलं.

"कॉल युअर..." ती म्हणाली आणि अडकली. तो शब्द तिला येत होता. सातही जणांच्या आधी तिलाच येत होता. दोनदा ओठ हलले. मग निघाला.

"कॉल युअर मदर."

ती दुसरी बाई उठली. तिने आधी फोनकडे बघितलं, जणू परवानगी मागत होती. घडीवालीने मान हलवली. मग तिने वाकून चादरीची उरलेली दोन टोकं उचलली. चुकीची उचलली, आडवी.

"नो. कॉर्नर," घडीवाली म्हणाली. "येस. मॅच. नाऊ पुल."

तिकडे दोघी ओढायला लागल्या. इकडे माझ्या खिडकीत घडीवालीचे दोन्ही हात चिमटीत काहीतरी धरल्यासारखे पुढे आले होते.

"टेल हर, पुल हार्ड," ती पोरीला म्हणाली. "लूज, नो गुड."

पोरगी हसत हसत मागे सरकली. चादर ताणली गेली. मग दोघी चालत एकमेकींपाशी आल्या, टोकाला टोक भिडलं, आणि पोरीने शाबासकी घेण्यासाठी वळून फोनकडे बघितलं. घडीवालीने टाळ्या वाजवल्या. दोघींसाठी वाजवल्या, मी पाहिलं.

फोन बंद झाला. ती खिडकीशी उभी राहिली नाही. वळली, माझ्या पलंगापाशी गेली आणि त्यावरची चादर एका हिसक्यात ओढून काढली. उशी खाली पडली.

"काका, धरा," ती म्हणाली.

मी पेपर ठेवला आणि दोन टोकं धरली.

"सैल सोडू नका."

ती इतक्या जोरात ओढत होती की मला पाय रोवून उभं राहावं लागलं.